गोड चेहऱ्यांची बाजू

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तब्येतीबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं पत्र नटनट्यांवर, म्हणजे तू ठणठणीत आहेस हे कळलं. आता उत्तर ऐक. तुझं म्हणणं असं की, गोंडस चेहऱ्याच्या नटाला अभिनय शिकायची गरजच पडत नाही, त्यामुळे तो शिकत नाही. पुढेमागे त्याने बरं काम केलंच, तर ते दाढी वाढवून, वजन घटवून, अंगाला चिखल फासून, थोडक्यात चेहरा लपवून. पहिल्या मुद्द्यावर मी तुझ्याशी भांडणार आहे आणि दुसऱ्यावर तर जास्तच.

सुरुवात ऋषी कपूरपासून करतो, कारण तुझ्या यादीत ‘स्वेटरवाला’ म्हणून त्याचंच नाव पहिलं आहे. ‘बॉबी’ आला १९७३ला. तेव्हा हा एकवीस वर्षांचा. त्यानंतर वीसेक वर्षं त्याने तेच केलं, डफली वाजवली, बर्फात गाणी म्हटली, समोरच्या नायिका बदलत गेल्या. कबूल. पण त्यातलं कुठलंही गाणं आवाज बंद करून बघ. गाण्यात तो नुसते ओठ हलवत नाही, श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा त्याला माहीत असतं. हे येत नसलेल्या नटांची तोंडं पाहिली की फरक लगेच कळतो. त्याला अभिनय येत होता, फक्त त्याच्याकडे कोणी दुसरं काही मागितलं नव्हतं.

मग २०१२चा ‘अग्निपथ’. त्यातला रौफ लाला १९९०च्या मूळ सिनेमात नव्हताच, नव्याने लिहिला गेला. डोळ्यांत सुरमा घातलेला, मुलींची विक्री करणारा माणूस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे इथे चेहरा लपवायला हवा होता. पण त्याने काय लपवलं? तेच भरलेले गाल, तोच हसरा जिवणीचा कोपरा, तीच अंगातली लगबग. बोली लावताना त्याच्यात जो उत्साह दिसतो ना, तो मी आधी पाहिलेला आहे. गाण्याच्या पहिल्या कडव्याआधी तो असाच उत्साहात यायचा. म्हणून तर पोटात गोळा येतो. एखाद्या ठरलेल्या खलनायकाने हेच केलं असतं तर आपण ‘हा असाच’ म्हणून पुढे पाहिलं असतं. ज्या चेहऱ्यावर पस्तीस-चाळीस वर्षं आपण विश्वास टाकला, तो चेहरा हे करतोय, ही त्यातली खरी भीती.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. या मंडळींचं चांगलं काम गोडवा पुसून झालेलं नाही. गोडवा ही त्यांच्याकडची शिल्लक असते आणि ती कुठे खर्च करायची हे त्यांना एका टप्प्यावर कळलेलं असतं. उलट, जिथे खरोखरच चेहरा झाकला गेला तिथे मला ऋषी कपूर कमी आवडला. ‘कपूर अँड सन्स’मधले (२०१६) नव्वदीचे आजोबा सगळ्यांना आवडले, बक्षीसही मिळालं, पण मला तिथे मेकअपच जास्त दिसत राहिला. त्यापेक्षा ‘दो दूनी चार’मधला (२०१०) चारचाकी घ्यायची स्वप्नं बघणारा गणिताचा मास्तर बघ. त्याला कुठलाही मुखवटा नाही.

काजोलचंही तेच. ‘गुप्त’साठी (१९९७) तिला सर्वोत्कृष्ट खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारी ती पहिली बाई. संशय तिच्यावर जात नाही तो कशामुळे? चेहऱ्यामुळेच की!

आता आपल्या घरचं उदाहरण. सचिन पिळगावकरचं नाव काढलं की तू हसतोस, मला माहीत आहे. ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) मधलं ते पोर, मग ‘गीत गाता चल’, ‘बालिका वधू’, ‘नदिया के पार’ मधला लाजरा मुलगा. पुढे ‘अशी ही बनवाबनवी’त साडी नेसली तरी ती शोभली, इतका गोंडस. माणूस चाळिशीत गेला तरी आपल्यासाठी तो पोरगाच राहिला. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडत असावं असं मला वाटायचं. मग २०१५ला ‘कट्यार काळजात घुसली’ आला. खाँसाहेबांची भूमिका म्हटल्यावर डोळ्यांसमोर वसंतराव देशपांडे. दारव्हेकरांच्या मूळ नाटकात त्यांनी ती अशी उभी केली होती की दुसऱ्या कुणी तिला हात लावणं हेच धाडस. सिनेमात गळा राहुल देशपांडेंचा, म्हणजे नटाकडे उरले फक्त डोळे, मान आणि हात.

त्या डोळ्यांबद्दलच बोलायचंय. दरबारातल्या मुकाबल्यात पुन्हा पुन्हा हरणारा हा गवई. समोर शंकर महादेवन शांतपणे गातोय आणि सचिनच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात. गाणं चांगलं आहे हे त्याच्यातल्या गवयाला कळतंय, आणि ते चांगलं आहे याचाच त्याला राग येतोय. दाद द्यायला मान हलू पाहते आणि तो ती धरून ठेवतो. हे दाढीने होत नाही रे. लहानपणापासून सगळ्यांच्या कौतुकावर वाढलेल्या माणसालाच कौतुक दुसऱ्याच्या वाट्याला गेल्यावर काय होतं हे असं दाखवता येत असेल का, असंही मनात आलं. हा माझा तर्क, त्यांनी कुठे असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

तू हॉलिवूडचे दाखले दिलेस, तर तिथेही येतो. पण तू डिकॅप्रिओवर अडकलास. अस्वलाशी झुंज, कच्चं यकृत खाणं, मग २०१६ला ऑस्कर. तुझ्या सिद्धांताला हे सोयीचं आहे. मला विचारशील तर ‘द रेव्हनंट’ हे त्याचं सगळ्यात जास्त कष्टाचं काम आहे, सगळ्यात चांगलं नव्हे. ‘टायटॅनिक’च्या चार वर्षं आधी, १९९३ला, ‘व्हॉट्स ईटिंग गिल्बर्ट ग्रेप’मध्ये त्याने जो मतिमंद धाकटा भाऊ केला होता, तो बघ. म्हणजे त्याच्या बाबतीत क्रमच उलटा आहे. अभिनय आधी होता, पोस्टरवरचा राजकुमार नंतर चिकटला आणि तो सोलून काढण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

त्याच्याऐवजी सॅली फील्ड घे. १९६५ला ‘गिजेट’ नावाच्या मालिकेत समुद्रकिनाऱ्यावर बागडणारी मुलगी. त्यानंतर ‘द फ्लाइंग नन’, १९६७ ते ७०. यात ती एक जोगीण, वजनाने इतकी हलकी की डोक्यावरच्या पंखांसारख्या टोपीत वारा भरला की उडते! मी थट्टा करत नाही, खरंच अशी मालिका होती आणि ती लोकांना आवडायची. ती दिवसा वायरला लटकून उडायची आणि त्याच काळात ली स्ट्रासबर्गकडे अभिनय शिकायला जायची. उडत्या जोगिणीला गंभीर काम कोण देणार? पण १९७६ला ‘सिबिल’ आला, एका बाईत अनेक व्यक्तिमत्त्वं, आणि त्याने तिला टीव्हीवरच्या कामासाठीचं एमी मिळवून दिलं. मग १९७९ला ‘नॉर्मा रे’.

त्यातला एक प्रसंग तुला लिहून दाखवायचा मोह आवरत नाही. कापड गिरणी. यंत्रमागांचा असा खडखडाट की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. नॉर्माला कामावरून काढलंय आणि बाहेर न्यायला माणसं यायची आहेत. ती एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘युनियन’ लिहिते, टेबलावर चढते, दोन्ही हातांनी तो पुठ्ठा वर धरते आणि सावकाश गोल फिरत राहते. संवाद नाही, संगीत नाही. एक कामगार तिच्याकडे बघतो आणि आपला माग बंद करतो. मग दुसरा, मग तिसरी. आवाज विझत विझत शेवटी गिरणी गप्प. आता विचार कर, तिथे एखादी उंचपुरी, करारी नजरेची बाई उभी असती तर ती नुसती घोषणा झाली असती. टेबलावर चढूनही लहानखुरी दिसणारी, वाटोळ्या चेहऱ्याची ही बाई पुठ्ठा धरून उभी आहे, हात थरथरतायत, म्हणून माग बंद पडतात. गिजेट गेली कुठे? तिथेच आहे. तिच्या अंगावरचं हसू तेवढं दिग्दर्शकाने काढून घेतलंय. या भूमिकेसाठी तिला कान चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला, ऑस्करही मिळालं आणि पुढे ‘प्लेसेस इन द हार्ट’साठी दुसरं ऑस्कर.

सगळ्यांना हे जमत नाही, हे मान्य. किंवा जमू दिलं जात नाही, असं म्हणू. मूकपटांच्या काळातली मेरी पिकफर्ड आठव. १९१७ला ‘द पुअर लिटल रिच गर्ल’मध्ये ती शाळकरी मुलगी झाली तेव्हा स्वतः चोवीस वर्षांची होती. ती लहान दिसावी म्हणून सेटवरचं फर्निचर मुद्दाम मोठं बनवलं होतं. आणि ही काही कुणाच्या तालावर नाचणारी बाई नव्हती. १९१९ला चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही सिनेमा कंपनी उभी करणाऱ्या चौघांतली ती एक. तिने प्रौढ भूमिका करून पाहिल्या, आणि १९२५ला तिशी ओलांडल्यावर ‘लिटल ॲनी रूनी’मध्ये पुन्हा पोरगी झाली. १९२८ला तिने ते प्रसिद्ध कुरळे केस कापले तर त्याची बातमी झाली. पुढल्या वर्षीच्या ‘कोकेट’ने तिला ऑस्कर दिलं, पण १९३३नंतर ती पडद्यावर आली नाही. कंपनी स्वतःच्या मालकीची असून केसांवर मालकी प्रेक्षकांची! गोड चेहऱ्याला अभिनयाची गरज पडत नाही म्हणतोस, इथे तर गरज होती, इच्छा होती, पैसा होता. आपणच नको म्हणालो.

आपणही तेच केलं आहे, लक्ष्मीकांत बेर्डेच्या बाबतीत. त्याला गोंडस म्हणणार नाहीस कदाचित, पण लाडका तर होता. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’मधला (१९९२) आबुराव, पटकथा पु. लं.ची. हसवण्याच्या धंद्यात माणूस आतून कसा रिकामा होत जातो हे त्याने असं केलंय की त्याच्या नेहमीच्या सिनेमांकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. आणि त्यानंतर? पुन्हा तीच धावपळ, तेच डोळे मोठे करणं. एवढ्या मोठ्या नटाच्या वाट्याला तशी भूमिका परत येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

शशी कपूरने यावर वेगळा उपाय काढला. इतका देखणा की कॅमेऱ्याला दुसरं काही सुचू नये. व्यावसायिक सिनेमात तो एका सेटवरून दुसऱ्यावर पळत राहिला, आणि तो पैसा स्वतःच्या निर्मितीत घातला. श्याम बेनेगलचे ‘जुनून’ (१९७८) आणि ‘कलयुग’ (१९८१) त्यातूनच झाले. ‘जुनून’मधला जावेद खान बघ. गोऱ्या मुलीच्या वेडाने झपाटलेला पठाण, प्रेमिकाची सगळी हत्यारं हाताशी, आणि त्यांच्यातलं एकही चालत नाही. शशी कपूरची ती आर्जवी नजर, जिच्यावर डझनावारी नायिका विरघळल्या, ती इथे अंगावर काटा आणते. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी. आणि ‘मुहाफिज’मधला तो अवाढव्य, ढासळलेला शायर. तिथेही मधूनच डोळ्यांत जुना शशी कपूर चमकून जातो आणि मग त्या शायराने काय गमावलं ते न सांगता कळतं.

शेवटी ऊर्मिला मातोंडकर, कारण तिच्याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस, हे मला फारच लागलं. ‘मासूम’मधली (१९८३) चिमुरडी, ‘रंगीला’तली मिली, एवढ्यावर लोक थांबतात. ‘कौन’ (१९९९) आणि ‘एक हसीना थी’ (२००४) पाहिलेस का? दुसऱ्यात ती उंदराला घाबरून किंचाळणारी साधी नोकरदार मुलगी असते. प्रेमात फसते, दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाते. तिथे एका टप्प्यावर ती उंदीर मारते, आणि त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. ‘रंगीला’त ज्या चेहऱ्यावर क्षणाला चार भाव बदलायचे, तो हा. तिला त्या वर्षांत जेवढं नावाजायला हवं होतं तेवढं नावाजलं गेलं नाही असं माझं ठाम मत आहे, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, तुझ्याशी तर आधी.

तेव्हा असं कर. पुढचं पत्र लिहायच्या आधी ‘एक हसीना थी’ बघ, रात्री, सलग. मध्येच मला फोन करून शेवट विचारू नकोस. आणि दाढीचा मुद्दा पुन्हा काढणार असशील तर किमान एक नाव असं दे, ज्याचं काम दाढी काढल्यावर टिकत नाही. मी वाट बघतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
गोड चेहऱ्यांचा वकील

ता. क. डॅनियल रॅडक्लिफ राहिलाच. हॅरी पॉटर झालेल्या, जगातल्या सगळ्यात लाडक्या पोराने मोठेपणी ‘स्विस आर्मी मॅन’मध्ये (२०१६) चक्क प्रेताची भूमिका केली, आणि २०२४ला रंगभूमीवरच्या कामासाठी टोनी मिळवलं. प्रेताला दाढी होती का, ते तू बघून सांग.