जिन्यात जेवणारी सहकारी

महोदय,

आमच्या कार्यालयातील एक सहकारी सुकटीचा डबा आणते, त्या दिवशी ती जिन्यात बसून जेवते; तिला तसे कोणी सांगितलेले नाही, पण नव्या माणसाचे आडनाव ऐकताच ‘मूळचे कुठले?’ असे खोदून विचारले जाते, तिथे वेगळे सांगावे लागत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा असतो, म्हणून साहेबाविरुद्धही बोलण्याचा धीर होतो. जात, धर्म, भाषा आणि आहार यांवरून होणाऱ्या अपमानासाठीही बाहेरचा सदस्य असलेली अशीच समिती कायद्याने बंधनकारक करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

— एक नोकरदार वाचक, ठाणे