जुनी अकरावी, नवी दहावी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला जुन्या मॅट्रिकच्या गणिताचा पेपर मिळाला. फोटो अंधुक आहे, पण चष्मा पुसून सगळा वाचून काढला. रुपये-आणे-पैमधलं चक्रवाढ व्याज, हौदाला दोन नळ आणि खाली एक गळती, मण-शेर-छटाकांची त्रैराशिकं. खाली तुझा शेरा: "आजच्या नव्वद टक्केवाल्यांना यातलं एक तरी सुटेल का?"

बहुतेकांना नाही सुटणार. आणि आजच्या दहावीतलं संभाव्यतेचं एखादं उदाहरण त्या काळच्या मॅट्रिकवाल्यापुढे ठेवलं, तर तोही डोकं खाजवत बसेल. इथेच फिटंफाट म्हणून पत्र आवरतं घेता आलं असतं. पण जन्मभर गणित शिकवलेला आणि बोर्डाचे गठ्ठे तपासलेला माणूस इतक्यात गप्प बसत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आजोबांपासून सुरू करतो. ते व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास. तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तर झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आणे चलनातून गेले तरी आजोबांच्या तोंडून गेले नव्हते. मी मुद्दाम विचारायचो, "साडेतीन आणे शेर, तर सात शेरांचे किती?" ते पुटपुटायचे, "सात औट साडेचोवीस," आणि लगेच सांगायचे, "दीड रुपया अर्धा आणा." मला ही जादू वाटायची. पुढे स्वतः फळ्यापुढे उभा राहिल्यावर कळलं, की रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या जगात या पाढ्यांवाचून कुणाचं पानच हललं नसतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि औटकीचं कामच संपलं. त्यात पोरांचा आळस कुठे आला? आज दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. तू बँकेत चिकटल्यावर जे शिकलास, ते आता पंधराव्या वर्षी विचारतात.

तेव्हा 'पूर्वीचा पेपर अवघड होता' या मुद्द्यात मला फारसा दम वाटत नाही. मला जास्त खुपतं ते दुसरंच. परीक्षेचं काम काय, हेच मधल्या काळात बदललं आणि ते कुणी उघडपणे सांगितलं नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा घ्यायचं विद्यापीठ, आणि कॉलेजात कुणाला घ्यायचं ते ठरवण्यासाठी घ्यायचं. ती चाळणी होती आणि चाळणीच असावी अशी अपेक्षा होती. १९१२ साली चिंतामणराव देशमुख (पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले) मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. जुन्या मॅट्रिकचे गोडवे गाताना आपल्या डोळ्यांपुढे चिंतामणराव उभे असतात. नापासांची यादी कुणी जपून ठेवत नाही. माझे वडील दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झाले आणि त्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. गावात 'नॉन-मॅट्रिक' ही तेव्हा जवळजवळ पदवीच होती, लोक अर्जात लिहायचे.

आणि माझी आत्या. ती वडिलांपेक्षा हुशार होती, असं वडीलच सांगायचे. ती भावाच्या पाटीवरची गणितं उलट्या बाजूने बसून सोडवायची. चौथीनंतर तिला घरी बसवलं. जुन्या दर्जाचा हिशेब मांडताना तिचे मार्क कुठल्या रकान्यात धरायचे, सांग. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता होती १८ टक्क्यांच्या आसपास. उरलेले ब्याऐंशी जण तुझ्या त्या पेपराच्या फोटोत नाहीत. आज महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं-मुली दहावीला बसतात. इतक्या लोकांच्या सरासरीची तुलना आपण मूठभरांच्या सरासरीशी करतो आणि मग 'दर्जा घसरला' म्हणून हळहळतो.

आपल्या वेळची गंमत आठव. मार्च १९७५ला तू जुन्या अकरावीच्या, म्हणजे जुन्या मॅट्रिकच्या, शेवटच्या तुकडीत आणि मी नव्या दहावीच्या पहिल्या. एकाच वर्षी दोन तुकड्या बाहेर पडल्या आणि कॉलेजांच्या दारात ही झुंबड. तेव्हापासून तू मला 'कच्ची मॅट्रिक' म्हणत आलास, म्हण बापडा. पण कोठारी शिक्षण आयोगाच्या शिफारशीवरून आलेल्या त्या नव्या १०+२+३ आकृतिबंधात गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं होतं. तुमच्या अकरावीत वरचं गणित सोडून देण्याची सोय होती, आणि विशेषतः मुलींनी ते सोडावं असा घरोघरी आग्रह असायचा. वरच्या दहांसाठी पेपर कदाचित सोपा झाला असेल, पण खालच्या नव्वदांच्या वाट्याला पहिल्यांदाच बीजगणित आलं. याला घसरण म्हणायचं तर माझी जीभ रेटत नाही.

आता तुझ्या बाजूने बोलतो, कारण तुझा राग अगदीच हवेतला नाही.

गठ्ठा तपासताना एक अनुभव वारंवार यायचा. पायथागोरसचं प्रमेय पाठ्यपुस्तकात 'त्रिकोण एबीसी' घेऊन सिद्ध केलेलं असतं. पेपरात 'पीक्यूआर' दिलं, की काही उत्तरपत्रिकांत आकृतीला अक्षरं पीक्यूआर आणि खाली सिद्धता मात्र एबीसीची, टापटीप, एकही पायरी न चुकता. लंब कुठून टाकला, कशासाठी टाकला, याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नाही. आदर्श उत्तरपत्रिकेप्रमाणे पायरीपायरीला मार्क. पायऱ्या तर सगळ्या आहेत! परीक्षकांच्या बैठकीत यावर तास तास खल व्हायचा. शेवटी नियामक म्हणायचे, "विद्यार्थ्याचं नुकसान नको." नुकसान व्हायचं नाही. पण त्या मुलाला प्रमेय कळलेलं नाही, हे त्याला कुणीच सांगायचं नाही, उलट गुणपत्रिका त्याला तू हुशार आहेस म्हणून सांगायची. घोकंपट्टी आपल्या काळीही होती, कुणी नाकारत नाही. फरक इतकाच, की घोकून त्या काळी पन्नास-पंचावन्नापर्यंत पोचता यायचं, आता नव्वदीपर्यंत जाता येतं.

टक्के कसे फुगतात, हे २०१८ ते २०२० या तीन निकालांत जितकं लख्ख दिसलं तितकं क्वचितच दिसतं. २०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ला अभ्यासक्रम नवा आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत वीस गुण काढून टाकले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पालक मंत्र्यांपर्यंत गेले, आणि पुढच्या वर्षी ते वीस गुण मुकाट्याने परत आले. २०२०चा निकाल ९५.३०. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने मार्क दिले गेले, हेही धरायला हवं. तरी बघ, दोन वर्षांत पोरं बारा टक्के ढ झाली आणि लगेच अठरा टक्के हुशार झाली, असं तर झालं नाही ना? वीस गुणांची फिरवाफिरवी. शाळेतल्या तोंडी परीक्षेत वीसपैकी बारा देणारा मास्तर मी तरी क्वचितच पाहिला. द्यायचा तर मुख्याध्यापकांना आणि पालकांना तोंड द्यायची तयारी लागते. २०२१ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. यावर विनोद करायचाही धीर होत नाही.

भरीला 'बेस्ट फाइव्ह'. इतर बोर्डांच्या मुलांच्या बरोबरीने आपल्या मुलांना अकरावीला प्रवेश मिळावा म्हणून २०१०ला ते आलं. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी वारी करून टिकलं. सहापैकी सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून गायब. वर कला आणि क्रीडेचे वाढीव गुण. २०२५ला शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारे २११ निघाले. मुलं गुणी आहेत, कष्टाळू आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या फूटपट्टीवर २११ जण अगदी टोकाला चिकटलेले आहेत, त्या फूटपट्टीने त्यांच्यातलं काय मोजलं? आपल्या वेळी साठला फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य. साठवाला आणि बहात्तरवाला यांच्यात काय फरक आहे, हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही सांगता यायचं. आता ९१ आणि ९६ यांच्यातला फरक तू मला सांग, मी गणिताचा मास्तर असून मला सांगता येत नाही.

तळाचं चित्र याहून गंभीर आहे. शिक्षणहक्क कायदा २०१०ला लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगलाच होता. नापासाचा शिक्का बसला की गरिबाघरचं पोर शाळा सोडतं, आणि मुलगी असली तर नक्की सोडते, हे आपण दोघांनी पाहिलंय. पण कायद्याला अपेक्षित होतं वर्षभर सातत्याने केलेलं मूल्यमापन. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ते झालं कागदावर. 'असर' या देशभरच्या शिक्षण-पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगताहेत: देशात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो. आता महाराष्ट्रात पाचवीला आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणली आहे. माझं मत विचारशील तर परीक्षा असावी, पण निकालानंतर त्या मुलापाशी बसायला कुणीतरी मोकळं असावं. ते नसेल तर पास केलं काय आणि नापास केलं काय, पोराला वाचता येणार नाही ते नाहीच.

मग चाळणी गेली कुठे? नाहीशी तर झाली नाही, बोर्डाच्या हातून निसटून दुसऱ्या दारात गेली. एके काळी मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचे. आता सीईटी, जेईई, नीट. बोर्डाचा पेपर सगळ्यांना हार घालतो आणि प्रवेश परीक्षा दोन वर्षांनी त्यांतल्या बहुतेकांना दारातून परत पाठवते. दहावीला ९५ टक्के मिळालेला मुलगा नीटच्या निकालानंतर माझ्यासमोर बसला होता. दोन वर्षं 'इंटिग्रेटेड'मध्ये होता. म्हणजे नाव कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये आणि फी लाखांत. तो मला म्हणाला, "सर, मग दहावीला मला ९५ का दिले होते?" चिडून नव्हे, खरंच कळत नव्हतं त्याला. माझ्या वडिलांना पहिल्या खेपेला नापास केलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांचा घोळ झाला नव्हता. इंग्रजीत उडालो, इंग्रजीचा अभ्यास करायचा, इतकं साधं होतं ते.

आता तुझ्या नातीविषयी. तिला ९४ टक्के मिळाले आणि तुझा म्हणे विश्वासच बसत नाही. हे तिच्यासमोर बोलू नकोस. तिने वर्षभर मान मोडून अभ्यास केलाय आणि समोर जो खेळ होता तो त्याच्या नियमांनी खेळलीय, नियम आपल्या पिढीने केलेत. तिला कला शाखेत जाऊन मानसशास्त्र घ्यायचंय आणि घरचे '९४ला आर्ट्स?' म्हणून कपाळाला हात लावून बसलेत, असं तू लिहितोस. अरे, आपल्या त्या नामवंत जुन्या मॅट्रिकमध्ये हुशार पोरं संस्कृत घ्यायची, तेव्हा कुणी कपाळाला हात लावत नव्हतं. तिला हवं ते घेऊ दे. फक्त मानसशास्त्रात पुढे संख्याशास्त्र येतं, ते तिला आत्ताच सांग. पहिल्या फेरीत आवडीचं कॉलेज मिळालं नाही तर पुढच्या फेऱ्या असतात, एवढ्यातेवढ्यासाठी घाबरून शाखा बदलू नका. राज्यभर आता सगळं ऑनलाइनच आहे, पसंतिक्रम भरताना तू शेजारी बसून वाचत जा, बँकेतला माणूस आहेस, फॉर्मातली बारीक अक्षरं तुला सवयीची आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत तिला दोन दिवस माझ्याकडे पाठव. पाठांतर घेणार नाही. सरासरी आणि प्रमाण विचलन यांपासून सुरुवात करू, वर्तमानपत्रातलेच आकडे घेऊन. तूही ये, मागच्या बाकावर बस. जुन्या अकरावीत हे तुम्हाला नव्हतं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात नुसतं 'बरं आहे' लिहिलंस, ते मी धरलेलं नाही.

तुझा,
मास्तर