वाजवणाऱ्यांचीही नावं छापा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्रजी गाण्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. आवडला. टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायकगटाच्या 'माय गर्ल'वर त्यात अख्खा परिच्छेद आहे, गायकांच्या सुटांपर्यंत सगळं वर्णन आहे. पण ते गाणं सुरू होतं ते एकट्या बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, आणि तो बेस वाजवणाऱ्याचं नाव लेखात कुठेच नाही. मी १९७६ ते १९९८ गिरगाव-दादरच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बेस गिटार वाजवली. दिवसा टपाल खात्यात नोकरी, रात्री गणपतीचे, नवरात्रीचे कार्यक्रम. त्यामुळे ही गोष्ट मनाला लागली आणि पत्र लिहायला बसलो.

चोरबाजारातून आणलेली, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांची एक एलपी तबकडी हीच माझी शाळा. माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा स्पीकर लहान, खालचे सूर त्यात बुडून जायचे. मग मी मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगावर लावायचो. गाणारे चिमण्यांसारखे चिवचिवायचे, पण बेस वर उठून यायचा आणि एकेक सूर पकडता यायचा. तो पाठ करायचा आणि पुन्हा मूळ पट्टीत उतरवायचा. 'यू कान्ट हरी लव्ह' बोटांत बसायला मला तीन आठवडे लागले. 'माय गर्ल'मधली गिटार आमच्या पेटीवाल्या काकांना ऐकवली, तर ते लगेच म्हणाले, "अरे, हा तर भूप!" खरंच, सा रे ग प ध सां, सरळ भूपाचा आरोह. एलपीच्या वेष्टनाच्या पाठीवर गायकांची नावं होती, गीतकारांची होती. वाजवणाऱ्यांचं एकही नव्हतं. ज्याच्या सुरावटी उचलून मी इतकी वर्षं टाळ्या मिळवल्या, तो माणूस कोण हे मला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं २००३ साली. भाच्याने अमेरिकेहून 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' या २००२च्या माहितीपटाची डीव्हीडी आणली. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर, त्यातला मोटाउनचा छोटा स्टुडिओ, आणि तिथे रोज वाजवणारी 'फंक ब्रदर्स' नावाची मंडळी. सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे, सगळ्यांच्या मागे हेच. बेसवर जेम्स जेमर्सन. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, वाजवायचा. मी दोन बोटांनी धडपडत होतो, ते हा एका बोटाने! आधी तो जाझमध्ये मोठा उभा बेस वाजवायचा. ती सवय त्याच्या हातातून गेली नाही, म्हणूनच त्याचा बेस गाण्याच्या खाली नुसता पडून राहत नाही, गायकाशी बोलत चालतो. गिटारच्या तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही.

मोटाउनच्या अल्बमवर या वादकांची नावं पहिल्यांदा ठळकपणे आली ती १९७१मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर त्यांनी वाजवलेली कितीतरी गाणी पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. १९८३मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा जेमर्सन तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला.

त्या माहितीपटातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. 'माय गर्ल'ची गिटार वाजवणारा रॉबर्ट व्हाइट एका हॉटेलात जेवायला बसला होता. तेच गाणं लागलं. वेटरला सांगावं, हा मी आहे, असं त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने गिळून टाकलं. म्हाताऱ्याच्या थापा समजेल, असं त्याला वाटलं.

आपल्याकडे हे वेगळं नव्हतं. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवणारे गोव्याचे मास्तर ऐन उमेदीत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. रेडिओवर गाणं लागलं की मध्येच बोट वर करून म्हणायचे, "हे ट्रम्पेट माझं." घराबाहेर कोणाला ते सांगण्याची सोय नव्हती, कारण तबकडीवर लिहिलेलंच नव्हतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे घरोघर पोचलं, पण ते संगीतकार प्यारेलालजींच्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव आहे हे किती जणांना माहीत आहे?

आता तर मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं नाव आणि एक चौकोनी चित्र, बहुतेक वेळा एवढंच दिसतं. एलपीची पाठ होती, तिच्यावर निदान जागा तरी होती. म्हणून वर्तमानपत्राकडे मागणं मागतो. जुन्या गाण्यांवर आपण एवढ्या प्रेमाने लिहिता, तर जिथे नोंद मिळते तिथे वादकांचीही नावं द्या. एका ओळीचं काम आहे. त्या रविवारच्या गाण्यापुरती ती ओळ मीच देतो, जमल्यास पुढच्या अंकात छापावी:

'माय गर्ल', १९६४. गायन द टेम्प्टेशन्स, मुख्य आवाज डेव्हिड रफिन. बेस जेम्स जेमर्सन. गिटार रॉबर्ट व्हाइट.

आपला,
एक निवृत्त बेसवादक, गिरगाव, मुंबई