गावकीच्या खोलीतली ट्रंक भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात गिरणगावातल्या चाळींच्या पुनर्विकासावर पानभर मजकूर आला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, संक्रमण शिबिर की भाडं, कॉर्पस फंड किती, पार्किंग कुणाला, सगळं सविस्तर होतं. त्याच चाळींमध्ये गावोगावच्या मंडळांच्या खोल्या आहेत, त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. या खोल्या रिकाम्या होताना काय काय जिन्याखाली येऊन पडतं ते मी सध्या बघते आहे, म्हणून हे पत्र.

नव्या पिढीला सांगायला हवं की गावकीची खोली म्हणजे कुणाचं घर नव्हे. गावाहून आलेल्या गड्याला मुंबईत पाठ टेकायला जागा हवी, म्हणून गावाने मिळून घेतलेली ती खोली. दिवसपाळीचा उठून गिरणीत गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, सामान वळकटीत. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, कोपऱ्यात पायपेटी आणि पखवाज, माळ्यावर जेवणावळीची टोपं, पराती आणि एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेत मंडळाचं दप्तर. खोलीची किल्ली कुणाकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, ट्रंकेची कुणाकडे हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझं सासर राजापूर तालुक्यात, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं गाव. राजापूर म्हटलं की लोकांना इंग्रजांची वखार आठवते, महाराजांनी १६६१ साली लुटली ती. अलीकडे कातळशिल्पं आठवतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडेच्या सडे पालथे घातले, गुराख्यांना विचारत फिरले, तेव्हा कुठे कशेळीचा तो प्रचंड हत्ती आणि बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं जगापुढे आली. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांची नोंद झाली. आनंदच आहे. पण हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने जांभ्यावर काय कोरलं हे बघायला आता गाड्या भरून माणसं येतात, आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसाने वहीत काय लिहिलं ते बघायला त्याचा सख्खा नातूही माळ्यावर चढत नाही.

आमच्या गावात पाच-सहा जण मिळून इतिहास मंडळ चालवतात. एक निवृत्त गुरुजी, एसटीतला एक वाहक, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी एक मुलगी, चिरेखाणीवरचा एक मुकादम, आणखी एक-दोघं. पगार कुणाला नाही, इतिहासाची पदवीही कुणाकडे नाही. पट घटल्यामुळे बंद पडलेल्या शाळेची एक खोली ग्रामपंचायतीने त्यांना वापरायला दिली आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते म्हणून तिथली कपाटं खोलीच्या मधोमध, चिऱ्यांवर उचलून ठेवली आहेत. पाहुणा आला की आधी कपाटाला वळसा घालतो आणि मग खुर्ची शोधतो.

त्यांनी काय केलं? वाडीवाडीत बसून गावातल्या जागांची नावं लिहून काढली. कोंड, पऱ्या म्हणजे ओढे, पाणंदी, देवरहाटीच्या म्हणजे देवाच्या राखीव रानाच्या हद्दी, एवढंच काय, नाव असलेला प्रत्येक आंबा. शिमग्यात पालखी कुठल्या वाटेने जाते, कुठे थांबते, कुणाचा मान पहिला, आणि हा क्रम पूर्वी कसा होता. म्हाताऱ्या बायकांना बोलतं करून जात्यावरच्या ओव्या फोनवर उतरवून घेतल्या. बौद्धवाडीतल्या आठवणी वेगळ्या वहीत नाहीत, त्याच वहीत आहेत, आणि यासाठी गुरुजींनी गावात बराच वाईटपणा घेतला आहे. या मंडळींचं सगळंच मला पटतं असं नाही. गावाचं नाव थेट पांडवांशी नेऊन भिडवायची एकाला फार हौस आहे, दर बैठकीत त्याला खाली बसवण्यात अर्धा तास जातो.

पण एक अडचण त्यांना तिथे बसून सुटण्यासारखी नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. गावात जे जुने कागद मिळतात ते जवळजवळ सगळे खोतांच्या घरचे. मोडीतली दप्तरं, खंडाचे हिशेब, फैसले. कुळांच्या घरात कागद असायचं कारणच नव्हतं. सरकारचा सारा खोताने भरायचा, कुळाने खोताला खंड, म्हणजे पिकातला वाटा, घालायचा, आणि दिलं किती, राहिलं किती याची नोंद खोताच्याच वहीत. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. तोवर कुळांची पोरं केव्हाच मुंबईला लागली होती. त्यांच्या हातात पहिल्यांदा रोख पैसा आला तो इथे, आणि त्यांचा पहिला कागदही इथेच झाला. गावाकडे सापडलेल्या खोताच्या दप्तरात माझ्या आजेसासऱ्यांचं नाव एकदाच येतं, थकबाकीदार म्हणून. आमच्या मंडळाच्या लालबागच्या वहीत तेच गृहस्थ शाळेच्या कौलांसाठी वर्गणी देताना दिसतात. आता गावाचा इतिहास नुसत्या पहिल्या कागदावरून लिहायचा का?

इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव वणवण फिरले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड त्यातून उभे राहिले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. त्यांच्या ऋणातून मराठी माणूस उतराई होणार नाही. परंतु ती दप्तरं सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरची. सरकारी कागद बघायचे तर काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. आमच्या मंडळाची वर्गणीची वही यातल्या कुठल्याच कपाटात असायचं कारण नाही. ती ट्रंकेतच आहे, नाहीतर कुठेच नाही.

मी पोस्टात होते. गिरणगावातल्या एका कार्यालयात मनीऑर्डरच्या खिडकीवर माझी बरीच वर्षं गेली. गिरण्यांचे पगार झाले की रांग फुटपाथवर जायची. ज्याला लिहिता येत नसे तो रांगेतल्या दुसऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, आणि संदेशाच्या एवढ्याशा जागेत घरच्या सगळ्या सूचना बसवायची धडपड चालायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांत ती रांग आटली. उलट गावाहून तांदळाच्या पिशव्या यायला लागल्या.

आमची खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा ट्रंक मी उघडायला लावली. मंडळातल्या पुरुषांना त्यात पडायचं नव्हतं, आणि आम्हा बायकांना आजवर बैठकीला बोलावलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या हातून कुणाचा अपमान व्हायचा प्रश्न नव्हता. आत इतिवृत्ताच्या वह्या, खोलीभाड्याच्या पावत्या, नाटकाच्या तिकिटांच्या स्थळप्रती, भजनाच्या वह्या. तळाशी दोरीने बांधलेला एक गठ्ठा मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा. आजच्या वाचकांसाठी सांगते, मनीऑर्डर घेणाऱ्याची सही झाली की पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. खोलीतल्या एकट्या गड्यांनी त्या सांभाळायला मंडळाकडेच दिल्या असाव्यात. सही बहुतेकींवर नाहीच. जांभळट शाईतला अंगठा, बाजूला पोस्टमनच्या अक्षरात ‘निशाणी डावा अंगठा’ आणि त्या बाईचं पूर्ण नाव. यातल्या कितीतरी बायकांचं नाव गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. सातबारा पुरुषांचा, वर्गणी पुरुषांची, पालखीचा मान पुरुषांचा.

गुरुजींना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, कुपनं आमच्याकडे आहेत. मनीऑर्डरच्या फॉर्मचा संदेशाचा तुकडा फाडून घेणाऱ्याला देत, त्याला कुपन म्हणायचे. वरच्या वाडीतल्या एका घरी ती वासे-कौलांमध्ये तारेला ओवून ठेवलेली मिळाली होती. ग्रामपंचायतीतली ती मुलगी आता तारखांचे शिक्के बघून कुपनाला पोचपावती जुळवते आहे. एका बाजूला मुंबईहून काय सांगितलं, दुसऱ्या बाजूला पैसे कधी आणि कुणाच्या हातात पडले. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा दोन शिक्क्यांमधलं अंतर कसं लांबतं तेही दिसतं. पोस्टाने १८८० साली सुरू केलेली ही मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. तेव्हा खात्यात असूनही हा कागद मी या नजरेने कधी पाहिला नव्हता.

शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या एका गावाच्या मंडळाने मात्र ट्रंक न उघडताच भंगारवाल्याला दिली. लोखंडाचे पैसे आले, कागद रद्दीत गेले. पितळेची टोपं तेवढी मोजून, यादी करून, सह्या घेऊन ठेवली. त्यांच्या वह्या माझ्या सासूबाईंच्या माहेरगावच्या होत्या, हा माझा वैयक्तिक राग.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांशी बोललं की दोन हरकती हमखास येतात. पहिली, दप्तर नोंदणीकृत संस्थेचं आहे, बाहेर देता येत नाही. मग मूळ वह्या ठेवा तुमच्याकडे, पण कोरड्या जागी ठेवा आणि पानापानाचं स्कॅन गावाला द्या. जुन्या वह्या कायमच्या सोपवायच्या असतील तर सभेत ठराव करा, यादी करा, घेणाऱ्याकडून पोच घ्या. यात कायद्याचा बागुलबुवा करण्याजोगं काही मला दिसत नाही.

दुसरी हरकत दबक्या आवाजात येते आणि ती खरी आहे. इतिवृत्तात भांडणं आहेत. कुणी उचल बुडवली, कुणाला वाळीत टाकलं, कुणाच्या लग्नाला गावकी गेली नाही. राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, त्यामुळे जुन्या ठरावांची आता सगळ्यांनाच भीती वाटते. आमच्या खोलीतही एकाने ती पानं फाडूनच वही पाठवू असं सुचवलं. मी म्हटलं, फाडलेल्या पानाचा दातेरी काठ वहीत राहतोच, आणि लोक त्यावरून जास्त वाईट कल्पना करतात. गावच्या इतिहास मंडळाने यावर सरळ तोडगा काढला आहे. ज्या वह्यांत हयात माणसांची किंवा त्यांच्या आईवडिलांची भानगड आहे त्या कापडात बांधून, लाखेने बंद करून वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, आणि पुढच्या पिढीने उघडायच्या. एकही पान व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, हा नियम तर त्यांनी दारावरच लावला आहे. आमच्या गावाच्या ग्रुपची एकूण तब्येत बघता तो शहाणपणाचा आहे.

मुंबईतच एखाद्या संग्रहालयात हे सगळं द्यावं, असंही सुचवणारे आहेत. मला ते पटत नाही. इथे तो गठ्ठा ‘गिरणी कामगारांचे कागद’ म्हणून काचेत पडेल. तिथे त्या अंगठ्याची नात कपाटापर्यंत चालत येऊ शकते, आणि कुठली वाडी, कुठलं घर, हे बघता बघता सांगू शकते.

ट्रंक उघडणाऱ्यांसाठी गुरुजींनी सांगितलेलं थोडं कळवते. पानं फाटलेली असली तरी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, हळूच सरळ करून काढा. काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका, फ्रेमसकट द्या. आणि ज्या क्रमाने गठ्ठे बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका, निदान आधी एक फोटो काढून ठेवा.

गणपतीत आमच्या मंडळाची एसटी ठरलेली असते. यंदा ट्रंक तिच्यातून जाणार आहे आणि तिच्यासाठी मी एका सीटचं पूर्ण भाडं भरलं आहे, कारण टपावर ठेवू म्हणणारे निघालेच. इतर गावांच्या मंडळांनी आपापल्या खोल्या खाली करण्याआधी एवढं जरूर करावं. आपणही आपल्या दैनिकात पुनर्विकासाच्या बातम्यांशेजारी याविषयी चार ओळी छापत राहिलात तर उपकार होतील.

माझं नाव कृपया छापू नये. मंडळाची निवडणूक तोंडावर आली आहे, आणि यंदा पहिल्यांदाच मी अर्ज भरते आहे.

आपली,
लालबागची एक वाचक