वरळीच्या मावशी, तुमचे मनापासून आभार

मावशी, सा. न. वि. वि.

लेकीकडे अमळनेरला आलात, चार दिवस राहून परत गेलात. आमची आजी मात्र अजून तुमच्या गोष्टीतून बाहेर आलेली नाही.

मुंबईची महालक्ष्मी तिने यात्रेच्या गाडीतून जाऊन पाहिली होती. ‘देवी पाण्यातून निघाली म्हणता, मग पाण्यात गेली कशी?’ असं तिने तिथे विचारलं, तर गाडीवाल्याने ‘पुढे चला, रांग अडते’ म्हणत दंडाला धरून तिला पुढे काढलं. नंतर गावात आलेल्या एका व्याख्यात्यांना विचारलं. ते शक्तितत्त्वावर तासभर बोलले, पाण्याचं नाव नाही. आमच्या धाकट्याने मोबाईलवर भराभर वाचून दाखवलं. आजीला ऐकू कमी येतं, हे घरातला असून त्याच्या ध्यानात नाही!

तुम्ही बट्ट्यांच्या कणकेची परात पुढे ओढलीत. एका कडेला मुंबईचं बेट, दुसरीकडे वरळीचं, मधल्या फटीत कणकेची बारीक वळी. तांब्याने पाणी सोडलंत आणि भरतीत बांध गेला. (कणीक वाया जाते म्हणून आईचा जीव खालीवर, पण ती गप्प राहिली.) आजीच्या उजव्या कानाशी सरकून म्हणालात, “मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचा, हॉर्नबीचा बांध असाच ढासळायचा, आजी.” मग तीन सुपाऱ्या गढूळ पाण्यात सोडल्यात: महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती. आक्रमणाच्या भीतीने समुद्रात दडवलेल्या या देवी बांधाचं काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात आल्या, ‘आधी आम्हाला वर काढ’ म्हणाल्या. एवढं सांगून तुम्ही आजीचा हात धरून परातीत घातलात. तिन्ही सुपाऱ्या तिने स्वतः चाचपडून काढल्या. मावशी, आभार आहेत ते या हात धरण्याचे.

पुढची वळी जाड केलीत आणि बांध टिकला. 1784च्या सुमारास तो पुरा झाला, भरतीचं पाणी अडलं, मधली सखल जमीन वापरात आली. आजचं देऊळ व्यापारी ढाकजी दादाजींनी 1831मध्ये बांधलं. हे सगळं तुम्ही एका दमात उरकलंत. स्वप्न खरं का, असं मी मध्येच विचारलं, तर म्हणालात, “स्वप्न प्रभूंना पडलं, पण दगड वाहिले मजुरांनी. त्यांची नावं कोणी लिहिली?” यावर मी काय बोलणार!

निघताना कळलं की तुम्हा कोळ्यांची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा. आमची धुळ्याची, पांझरेकाठची एकवीरा. दोन्हीकडे तिला रेणुका, परशुरामाची आई मानतात. आजीने तुमच्या गालावरून हात फिरवला, “मंग तू ते मन्ही आंडेर शे!” म्हणजे, मग तू तर माझी लेकच आहेस!

माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरचा म्हातारा माणूस कोणत्या कानाने ऐकतो, हे पाहून सांगणारी फार थोडी, आणि ती बहुधा व्यासपीठावर नसतात.

आता आजी गल्लीतल्या पोरांना परात मांडून हीच गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत हॉर्नबी साहेब अहिराणी बोलतो, तेवढं पोटात घाला. श्रावणात आमच्या कानबाई देवीच्या सणाला नक्की या. देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात खरे, पण तुमचा वाटा काढायचा, हे आजीने आईला आताच बजावून ठेवलंय.