दिवाळीला का येत नाहीये ते

ती. आई-बाबांना सा. न.

दिवाळीला प्रोजेक्टमुळे येता येणार नाही असं मी सांगितलं ना, ते खोटं होतं. आईचा आवाज ऐकला की घशातच अडकतं सगळं म्हणून लिहूनच सांगतोय.

मार्चमध्ये मी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो गेलो. मित्राकडे चार-पाच बिअर झाल्या होत्या, रूम दहा मिनिटांवर, वाटलं एवढ्याशा अंतरात काय होतंय. पोलिसांनी थांबवून मशीनमध्ये फुंकायला लावलं, रक्तातल्या दारूचं प्रमाण ०.११ टक्के आलं, इथे कॅलिफोर्नियात लिमिट ०.०८ आहे. रात्र लॉकअपमध्ये काढली. कुणाला लागलं नाही, पण ते देवाची कृपा म्हणून, माझ्या अकलेने नाही.

कोर्टात मी गुन्हा कबूल केला. ३ वर्षं प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर बाहेर), लायसन्स सस्पेंड, ३ महिने दर आठवड्याला दारूवरचा क्लास, आणि दंड नि वकील यात पुढच्या सेमिस्टरच्या फीचे पैसे गेले. कॉलेजनेही वेगळी चौकशी लावली, काढलं नाही पण वर्षभर वॉर्निंगवर ठेवलंय आणि मिळणार असलेलं टीएचं (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करायचं) काम गेलं. आता लायब्ररीत रात्रीची ड्युटी करतो, फी त्यातून हप्त्याहप्त्याने भरतोय, त्यामुळे तुम्ही काही पाठवू नका, प्लीज.

आणि व्हिसा. तो कोर्टाच्या निकालाआधीच रद्द झाला, नुसत्या अटकेवरून, २०१५पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं असं करतं. इथे राहून शिकायला अजून तरी अडचण आलेली नाही कारण व्हिसा मुख्यतः देशात शिरण्यासाठी लागतो, पण एकदा बाहेर पडलो की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नव्याने इंटरव्ह्यू, त्यांच्या डॉक्टरकडे दारूची तपासणी, आणि तरी देतीलच असं नाही. म्हणजे मे महिन्यात डिग्री हातात येईपर्यंत मी इथून हलू शकत नाही. डिसेंबरमध्ये बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि मी तिथे नसणार, हे मला सगळ्यात जास्त लागतंय.

बाबा, लोनच्या कागदांवर सही करताना तुम्ही मला एक शब्द विचारला नव्हता, घर तारण होतं तरी. ते रोज आठवतं. त्या रात्रीपासून मी प्यायलो नाहीये.

काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, फक्त माझ्यासाठी खोटं बोलू नका. रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करतो. बाबा, तुम्ही उचला.

तुमचा,
बंटी