आधी बोटीचं पोट बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची तीन चित्रं मिळाली. रेडिओवर चालणारी बोट स्वतःच्या हाताने बांधायचं तू मनावर घेतलंस हे वाचूनच बरं वाटलं. पण चित्रांवर तू केलेल्या खुणा पाहून हसू आवरेना. विनाशिकेवर, म्हणजे त्या लांबट युद्धनौकेवर, दोन चांदण्या, शर्यतीच्या बोटीवर एक, आणि मोठी जहाजं ओढणाऱ्या बिचाऱ्या टगवर नुसतं प्रश्नचिन्ह! माझ्याही पहिल्या यादीत हाच क्रम होता. तो उलटा कर, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय. एवढंच म्हणतोय खरा, पण पानं बरीच भरणार आहेत.

माझी पहिली बोट विनाशिका होती हे तुला मी कधी सांगितलं नाही. चार महिने खपून बांधली. तोफा, कठडे, रडारची जाळी, सगळं जागच्या जागी. पाण्यावर नेली, आत बॅटरी ठेवली, तर डेक पाण्याच्या जेमतेम बोटभर वर उरला. सरळ जात होती तोवर काय देखणी दिसत होती म्हणून सांगू! पहिलं वळण घेतलं आणि बाईसाहेब कुशीवर निजल्या. डेकच्या फटीतून पाणी आत शिरलं, मोटर बंद पडली, आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. दोष कुणाला देणार? खोक्यावरचं चित्र बघून मीच भुललो होतो.

जे गणित मी नंतर केलं ते तू आधी कर. अगदी शाळकरी गणित आहे. बोट जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच वजन ती पेलते, आणि एक घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. समजा विनाशिका ८० सेंटिमीटर लांब, ८ रुंद आणि पाण्याखाली ३ खोल आहे. गुणाकार १,९२० येतो. पण बोट काही विटेसारखी चौकोनी नसते, तिची टोकं निमुळती असतात, म्हणून ढोबळमानाने निम्मं धर. राहिले ९६० ग्रॅम. यात सांगाडा, डेक, तोफा, रंग, सगळं आलं. सहा सेलचा निकेल मेटल हायड्राइडचा पॅक घेतलास तर ४०० ग्रॅमच्या आसपास तोच जातो, आणि नेहमीची ५४० मापाची मोटर आणखी दीड-दोनशे. मग बोटीला उरलं काय? आता टग घे. लांबीने लहान, ६० सेंटिमीटर, पण २० रुंद आणि ८ खोल. निम्मं धरलं तरी ४,८०० ग्रॅम. पावणेपाच किलो! यात बॅटरी बसते, मोटर बसते, आणि वर तळाशी शिशाच्या पट्ट्याही घालाव्या लागतात, नाहीतर ती बदकासारखी वर तरंगत राहते. तळाशी वजन आणि रुंद बूड, मग वळणावर कुशीवर निजायचा प्रश्नच नाही.

तू लिहिलं आहेस की टग ‘जाडी आणि सुस्त’ वाटते. जाडी आहे हे कबूल. सुस्तपणाचं मात्र ऐक. मॉडेल खऱ्यासारखं चालताना दिसायला हवं असेल, तर खऱ्या जहाजाच्या वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचं. १:२५ प्रमाणातली टग असेल तर ५ने. खरी टग १२ नॉटने चालत असेल, तर तुझी २.४ नॉट, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या आतबाहेर. आपण काठाने चालत जावं आणि बोटीने पाण्यातून सोबत करावी असा हा वेग आहे. चूक सुधारायला वेळ मिळतो. बोट तुझ्याकडे तोंड करून येत असली की डावं-उजवं उलटं होतं, आणि हे हाताला समजेपर्यंत प्रत्येक जण काठावर आपटतोच. टगने आपटलास तर तिच्या नाकावर रबरी टायर लावलेलेच असतात. आपटणं हा तिचा धंदाच आहे.

शर्यतीच्या बोटीवर फार लिहीत नाही. ब्रशलेस मोटर, लिथियम पॉलिमर बॅटरी, आणि वेग असा की मघाचा डावं-उजवंचा घोटाळा सोडवायला तुला एक सेकंदही मिळणार नाही. शिवाय ती बॅटरी लाडाची. सेलमागे ३ व्होल्टच्या खाली उतरली की बिघडते, समतोल साधणाऱ्या चार्जरवरच चार्ज करावी लागते, आणि चार्ज होताना तिला एकटी सोडायची नाही. दुसरी-तिसरी बोट म्हणून जरूर घे.

एक चित्र तू पाठवलंच नाहीस: शिडाची होडी. वाऱ्यावर चालते, बॅटरी फक्त रिसीव्हर (रेडिओचा संदेश घेणारा डबा) आणि सर्व्होपुरती (सुकाणू नि शीड हलवणारी छोटी मोटर), दोन चॅनेलात काम भागतं, एक सुकाणूला आणि एक शीड सैल-घट्ट करायला. ड्रॅगनफोर्स ६५ नावाची ६५ सेंटिमीटरची होडी नवशिक्यांत बरीच चालते. मात्र अशा होडीचा कणा पाण्यात खोल उतरलेला असतो, फूटभर पाण्यात तो तळाला टेकतो. तुला बांधण्यापेक्षा चालवण्याची ओढ जास्त असेल तर याच वाटेने जा. पण मला वाटतं तुला हात चिकट करून घ्यायचेत.

मग किट बघताना काय बघायचं? पहिली गोष्ट, ते पाण्यावर चालवायचं आहे की नुसतं कपाटावर ठेवायचं. दोन्हींच्या खोक्यांवर चित्र सारखंच असतं! प्रोपेलरचा दांडा, त्याची नळी आणि सुकाणू आत आहेत का ते वाच. मोटर बहुधा वेगळी, रेडिओ आणि बॅटरी जवळजवळ नेहमीच वेगळी, रंग आणि गोंदही वेगळे. किटची किंमत म्हणजे अर्धीच गोष्ट समज.

दुसरं, हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, एकसंध आहे का. एबीएस प्लास्टिकचा किंवा फायबरग्लासचा तयार हल घेतलास तर बोट पहिल्या दिवसापासून बोटीसारखी दिसते. लाकडी फासळ्यांवर पट्ट्या चिकटवत जायचं किट सुंदर असतं, पण शंभरेक पट्ट्यांतली तिसावी चिकटवून झाली की उत्साह मावळतो. लाकूडच हवं असेल तर स्प्रिंगर टग बघ. १८ इंच लांब, ८ इंच रुंद, चपट्या तळाची आणि सरळ बाजूंची, जवळपास पेटीच म्हण ना. प्लायवुडचे मोजके तुकडे, आणि आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात. दिसायला कुरूप, पण पाण्यावर गुणी.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: डेकवरचं झाकण केवढं आहे ते बघ. बॅटरी न वाकवता, न तिरपी करता बाहेर यायला हवी, आणि तुझा हात प्रोपेलरच्या दांड्याच्या जोडापर्यंत पोचायला हवा. मोटर आणि दांडा एका रेषेत नसले की बोट खडखडते आणि वीज खाते. बोटाने फिरवून बघ, कुठेही अडता कामा नये. दांड्याच्या नळीत ग्रीस भर, पाणी चोरपावलांनी येतं ते तिथूनच.

वेग-नियंत्रक घेताना गाडीचा घेऊ नकोस. त्यात उलट दिशेआधी ब्रेक लागतो, आणि काठ जवळ आला असताना तो अर्धा क्षण फार महाग पडतो. बोटीचा घेतलास तर पुढून सरळ मागे जाता येतं. बॅटरीच्या तारेत फ्यूज टाकच. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा साधा चालेल. या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशी चिकटव. संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबेल अशी फेलसेफची सोय आधीच करून ठेव.

तुला पटत नसेल म्हणून थोरामोठ्यांचा दाखला देतो. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टाकीतल्या पाण्यावर रेडिओने बोट चालवून दाखवली होती. तिच्याही पोटात बॅटऱ्याच भरलेल्या होत्या. आधी पोट, मग रूप!

टगचं किट ठरलं की लांबी, रुंदी आणि खोली लिहून पाठव, गणित मीही करून बघतो.

तुझा,
बुडालेल्या विनाशिकेचा कप्तान

ता. क. – पहिल्या दिवशी पाण्यावर जाताना एक टेनिसचा चेंडू आणि त्याला बांधलेली लांब, बारीक दोरी बरोबर ने. प्रोपेलरला शेवाळ गुंडाळलं की बोट मधोमध थांबते. चेंडू तिच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी बोटीला अडकवून हळूहळू ओढून आणायची. मी अजूनही नेतो, आणि अजूनही लागतो.